पायऱ्या पाण्याच्याही आहेत

श्रावणातला मंगळवार म्हटला की मराठी घरात मंगळागौर आठवते: पत्री, फुगड्या, रात्रीचे जागरण. काशीत मंगला गौरीचे देऊळ पंचगंगा घाटाजवळ, वरच्या गल्लीत आहे. श्रावणी मंगळवारी तिथेही बायकांची रीघ लागते. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणून तिथला श्रावण आपल्याआधी पंधरवडाभर लागतो. आणि याच दिवसांत गंगा चढत असते. नावा बांधून ठेवलेल्या, घाटाघाटांमधली वाट बुडालेली, दशाश्वमेधची आरती गच्चीवर. महाराष्ट्रातून गेलेल्या यात्रेकरूला यात्रा अर्धी राहिल्यासारखी वाटते. ही हळहळ समजण्यासारखी आहे. पण तिच्यापायी नदीवर कायमचा तोडगा मागण्याआधी घाट कशासाठी बांधले, हे पाहायला हवे.

वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानतात. १९७८च्या पुरात ती ७३.९०१ मीटरपर्यंत गेली होती. घाट बांधणाऱ्यांना हा चढउतार ठाऊक होता. पाणी कुठेही असो, माणसाचा पाय पायरीवरच पडावा, अशी ती रचना आहे. शिंदे घाटाजवळच्या कललेल्या रत्नेश्वराचा गाभारा तर वर्षातले कित्येक महिने पाण्यात असतो. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचा जाड थर उरतो. मग पंप लावून नळीने गंगेचेच पाणी त्यावर मारतात आणि गाळ परत नदीत ढकलतात. पाणी उतरेल तशी एकेक पायरी मोकळी होते. दरवर्षीचे हे काम आहे. त्याला कुणी आपत्ती म्हणत नाही.

पंचगंगेवरच्या मठांचे जगणेही याच चढउतारावर बसलेले. इथे रामानंदांचा श्रीमठ आहे. पहाटेच्या अंधारात रामानंदांचा पाय कबीरावर पडला आणि तोंडून निघालेले रामनाम त्याने गुरुमंत्र मानले, ही आख्यायिका इथल्याच पायरीची. संन्याशांनी चातुर्मासात एका ठिकाणी मुक्काम करावा, हा नेमही पावसाळा ओळखून केलेला. आपल्या एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका काशीतच पुरी केली, ती १५७३च्या कार्तिक पौर्णिमेला. अहिल्याबाईंनी उभारला असे सांगतात तो दगडी ‘हजारा’ दीपस्तंभ याच घाटावर उजळतो, तोही कार्तिक पौर्णिमेला. श्रावणात देवीला वरच्या गल्लीतून जायचे आणि कार्तिकात घाटावर उतरायचे, अशी ही जुनी वाटणी आहे.

पाण्याशी असा करार जगात इतरत्रही आहे. मुंबईकरांना हाजी अलीची वाट माहीत आहे. भरती आली की ती बुडते, ओहोटीची वाट पाहावी लागते. फ्रान्समधल्या मॉं-सें-मिशेल बेटावर बेनेडिक्टाइन साधूंचा मठ ९६६ सालापासूनचा. तिथे १८७९मध्ये भराव घालून पक्का रस्ता केला. येजा सोपी झाली, पण प्रवाह अडून गाळ साचत गेला आणि बेटाचे बेटपण जाण्याची वेळ आली. अखेर मोठा खर्च करून भराव काढला आणि २०१४मध्ये खांबांवरचा पूल खुला केला, खालून भरती वाहती राहावी म्हणून. मोठ्या उधाणात आजही तो मठ काही तास पाण्याने वेढला जातो, आणि लोक ते पाहायला मुद्दाम येतात.

काशीतही सोयी वाढल्या पाहिजेत, यात वाद नाही. वृद्धांना उंच पायऱ्या अवघड जातात, आणि पुरात नाव घालण्याचा हट्ट जिवावर बेततो. म्हणूनच मंगला गौरीकडे जाणाऱ्या गल्ल्या मोकळ्या, उजेडाच्या आणि न घसरणाऱ्या हव्यात. यात्रा कंपन्यांनी पाण्याची पातळी पाहून कार्यक्रम आखावा आणि श्रावणात नौकाविहाराचे आश्वासन देऊ नये. नदीकाठी नवे बांधताना मात्र एकच कसोटी पुरेशी आहे: पाणी आले तर त्याला जायला वाट आहे का?

श्रावणात गेलेल्या मराठी सुनेला घाट दिसणार नाही. मंगला गौरीचे दर्शन घेऊन गल्लीच्या टोकाशी ती उभी राहिली, तर पायऱ्या जिथे बुडतात ती रेघ तिला दिसेल. दोनचार महिन्यांनी त्याच रेघेच्या कितीतरी खाली दिवे लागलेले असतात.