चषक संघाचा, शेखी कॉन्फरन्सची

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांच्या बास्केटबॉलमध्ये एक जुनं भांडण नव्याने उकरून काढलं जातं : कोणती कॉन्फरन्स भारी? एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेच्या डिव्हिजन थ्रीमध्ये पुरुषांचे चारशेहून अधिक संघ खेळतात. खेळाच्या नावाने शिष्यवृत्ती कुणालाच नाही. पोरं अभ्यास सांभाळून खेळतात, बसने फिरतात आणि त्याच सात-आठ कॉलेजांशी वर्षानुवर्षं झुंजतात. या नेहमीच्या प्रतिस्पर्ध्यांची मंडळी म्हणजे कॉन्फरन्स. अशा चाळीसहून अधिक कॉन्फरन्सच्या विजेत्यांना राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. ६४ संघांच्या स्पर्धेतल्या उरलेल्या वीसेक जागा बाकीच्या चांगल्या संघांत वाटल्या जातात.

या भांडणात एका पक्षाचा आवाज कायम चढा असतो. त्याचं म्हणणं तीन पायऱ्यांचं आहे. पहिली पायरी : कॉन्फरन्सची ताकद बघायची तर तिच्या नावावरची राष्ट्रीय विजेतेपदं मोजा. दुसरी : राष्ट्रीय स्पर्धेचा निकाल निःपक्षपाती असतो, कारण एरवी न भेटणारे संघ तिथे समोरासमोर येतात. तिसरी, आणि खरा डाव हाच : ज्या कॉन्फरन्सचे विजेते पहिल्याच फेरीत मार खाऊन परततात, त्यांचा थेट प्रवेश काढून घ्या आणि त्या जागा भारी कॉन्फरन्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या संघांना द्या. पहिल्या दोन पायऱ्या मान्य केल्या की तिसरी आपोआप गळी उतरते. म्हणून आधी या दोन पायऱ्याच ठोकून पाहायला हव्यात.

विजेतेपदांचा हिशेब घेऊ. १९७५पासून २०२५पर्यंत ही स्पर्धा ४९ वेळा झाली. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं करोनाने खाल्ली. या ४९पैकी १३ विजेतेपदं विस्कॉन्सिन राज्यातल्या सरकारी विद्यापीठांच्या वायॅक या कॉन्फरन्सकडे आहेत. न्यू इंग्लंडमधल्या जुन्या आणि सधन खाजगी कॉलेजांच्या नेस्कॅककडे आहेत फक्त ४. तेरास चार म्हटल्यावर वाद संपला असं कुणालाही वाटेल.

आता याच आकड्यांचं पोट उघडून पाहा. २००४च्या अंतिम सामन्यात वायॅकच्या स्टीव्हन्स पॉइंटने नेस्कॅकच्या विल्यम्सला ८४-८२ असं हरवलं. २०१०मध्ये पुन्हा हेच दोन संघ, निकाल ७८-७३. २०१४मध्ये वायॅकच्याच व्हाइटवॉटरचे ७५, विल्यम्सचे ७३. तिसऱ्या सामन्याची अखेर तर डोळ्यांसमोर आणण्यासारखी आहे. व्हर्जिनियातलं सेलम, शेवटची पाचेक सेकंदं, विल्यम्स एका गुणाने पुढे. व्हाइटवॉटरच्या क्वार्डेल यंगने आपल्या टोकाला चेंडू घेतला, ड्रिबल करत अख्खं कोर्ट कापलं, बचाव फोडून आत घुसला आणि घड्याळात पुरतं एक सेकंदही उरलेलं नसताना चेंडू बास्केटमध्ये टाकला. असामान्य खेळी, वादच नाही. पण हे यश यंगचं आणि व्हाइटवॉटरचं. त्या पाच सेकंदांत रिव्हर फॉल्स किंवा स्टाउट या वायॅकच्या इतर विद्यापीठांनी काय केलं? तिन्ही अंतिम सामन्यांतला फरक मिळून भरतो नऊ गुण. हे तीन सामने उलटे फिरले असते तर तेरास चारचे दहास सात झाले असते, आणि दोन्ही कॉन्फरन्समधला एकही खेळाडू त्यामुळे रतीभर चांगला किंवा वाईट ठरला नसता. नऊ गुणांवर उभा राहिलेला हिशेब कॉन्फरन्सची कुंडली म्हणून मांडायचा, हे सुतावरून स्वर्ग गाठणंच झालं.

शिवाय हा हिशेब सगळ्यांसाठी एकाच दिवशी सुरू झालेला नाही. नेस्कॅकच्या कॉलेजप्रमुखांना राष्ट्रीय स्पर्धांचं वेड नको होतं; १९९३पर्यंत त्यांच्या संघांना अशा सांघिक स्पर्धांत उतरायची मुभाच नव्हती. स्पर्धेची पहिली जवळजवळ दोन दशकं जे मैदानात नव्हते, त्यांच्या नावापुढे तेव्हाची शून्यं मांडून तुलना करायची, याला हिशेब कसं म्हणायचं?

त्याहून गमतीची गोष्ट सदस्यत्वाची. मिनेसोटातल्या मायॅक या कॉन्फरन्सच्या खात्यावर २०११ आणि २०१६ अशी दोन विजेतेपदं आहेत. दोन्ही सेंट थॉमसची. पुढे काय झालं? २०१९मध्ये मायॅकने जाहीर केलं की सेंट थॉमसला बाहेर काढण्यात येत आहे. कारण दिलं स्पर्धेतल्या समतोलाचं. सरळ सांगायचं तर तो सगळ्यांना डोईजड झाला होता. २०२१मध्ये सेंट थॉमस थेट सर्वांत वरच्या डिव्हिजन वनमध्ये गेला. म्हणजे ज्याच्या जिवावर शेखी मिरवायची त्यालाच घराबाहेर काढलं आणि चषकांची नोंद मात्र घराच्या खात्यावर राहिली. नेब्रास्का वेस्लियन आयोवातल्या कॉन्फरन्समध्ये २०१६मध्ये दाखल झाला आणि २०१८मध्ये विजेता ठरला. दोन वर्षांत त्या कॉन्फरन्सने त्याला घडवलं, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? २०२३चा विजेता क्रिस्टोफर न्यूपोर्ट ज्या कॉन्फरन्सचा, ती व्हर्जिनियापासून कॅलिफोर्नियापर्यंत विखुरलेली. नेहमीचे शेजारी म्हणून घडवणं वगैरे तिथे बोलायलाही जागा नाही.

दुसरी पायरी निःपक्षपाती निकालाची. इथे तर थेट नकाशाच आडवा येतो. एनसीएएच्या उत्पन्नातला जेमतेम ३.१८ टक्के वाटा डिव्हिजन थ्रीला मिळतो, आणि डझनावारी खेळांच्या राष्ट्रीय स्पर्धा त्यातच भागवायच्या असतात. विमानाची तिकिटं वाचवणं हा त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेचा पाया होऊन बसला. अनेक वर्षं नियम असा की पाचशे मैलांच्या आत असलेल्या संघाने बसनेच जायचं, आणि सुरुवातीच्या फेऱ्या शक्यतो अशाच अंतरात जुळवायच्या. परिणाम काय? ईशान्येत आणि ग्रेट लेक्सच्या भागात संघांची दाटी. तिथे जुळवाजुळवीला वाव. टेक्सास आणि पश्चिम किनाऱ्यावर संघ मोजके, अंतरं अफाट; तिथले चांगले संघ अनेकदा सुरुवातीलाच एकमेकांच्या गळ्यात घातले गेले. दोघांपैकी एक घरी जाणारच. मग त्या पराभवाकडे बोट दाखवून म्हणायचं, ‘बघा, यांना राष्ट्रीय पातळी झेपत नाही!’

यजमानपदाचंही असंच. पहिल्या आठवड्याच्या शेवटी चार संघ एका कॉलेजच्या जिममध्ये जमतात आणि दोन दिवसांत दोन फेऱ्या उरकतात. घरच्या प्रेक्षकांसमोर खेळण्याचा फायदा मोठा. पण त्याच कॉलेजच्या महिला संघालाही यजमानपद मिळायचं असेल, तर जिम एकच असल्याने दोघांपैकी एकाला बाहेर जावं लागतं. प्राधान्य कुणाला, हे वर्षागणिक आलटून-पालटून ठरतं. पद्धत न्याय्य आहे, माझी तक्रार नाही. पण वरच्या क्रमांकाचा पुरुष संघ अशा कारणाने दुसऱ्याच्या कोर्टवर जाऊन हरला, तर तो पराभव त्याच्या कॉन्फरन्सच्या दुबळेपणाचा पुरावा कसा?

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. ‘एवढं सगळं नशिबावर आणि नकाशावर असेल, तर वायॅकच्याच दारात तेरा वेळा नशीब कसं आलं?’ बिनतोड प्रश्न आहे. त्याचं उत्तर असं की वायॅक खरंच भारी आहे. पण तिचं भारीपण तेरा या आकड्यात शोधू नका. ते तेरा कुणाकुणात वाटले गेले यात शोधा. व्हाइटवॉटर चार, प्लॅटव्हिल चार, स्टीव्हन्स पॉइंट चार, ऑशकॉश एक. आठ सदस्यांपैकी चार वेगवेगळे विजेते. प्लॅटव्हिलची चारही विजेतेपदं प्रशिक्षक बो रायन यांच्या काळातली, १९९१ ते १९९९मधली. त्यांतल्या १९९५ आणि १९९८ या हंगामांत संघ एकदाही हरला नाही. १९९९मध्ये रायन संघ सोडून गेले, प्लॅटव्हिलला पुन्हा विजेतेपद मिळालं नाही, पण कॉन्फरन्स थांबली नाही. २००४ आणि २००५मध्ये स्टीव्हन्स पॉइंट उभा राहिला. एक प्रशिक्षक गेल्याने एक संघ खचतो. कॉन्फरन्स खचली नाही तर तिच्यात दम आहे. आणि चषकांच्या यादीत न दिसणारा एक दाखला : १९८४मध्ये व्हाइटवॉटरने डिव्हिजन थ्रीचं विजेतेपद घेतलं, त्याच वर्षी याच मंडळीतला स्टीव्हन्स पॉइंट एनएआयए या दुसऱ्या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत जाऊन हरला. त्या संघात पुढे एनबीए गाजवणारा टेरी पोर्टर होता. उपविजेतेपद म्हणून ही कामगिरी मोजणीतून गळते. माझ्या मते वायॅकच्या बाजूने ती एखाद्या चषकाइतकीच बोलते.

ही रुंदीची कसोटी मी वायॅकच्या सोयीसाठी काढलेली नाही. ती इलिनॉय आणि विस्कॉन्सिनमधल्या कॉलेजांच्या सीसीआयडब्ल्यू या कॉन्फरन्सला लावून पाहा. तिची सहा विजेतेपदं. त्यांतली पाच एकट्या नॉर्थ पार्कची, १९७८ ते १९८७ या दशकातली. सहावं इलिनॉय वेस्लियनचं, १९९७चं. त्यानंतर शून्य. चषक मोजणारा म्हणेल, सीसीआयडब्ल्यू संपली. पण याच ‘संपलेल्या’ काळात तिचाच ऑगस्टाना २०१५ आणि २०१७मध्ये अंतिम सामना खेळला, दुसऱ्या वेळी बॅब्सनकडून एका गुणाने हरला. एल्महर्स्ट २०२२मध्ये अंतिम फेरीत पोहोचला. नॉर्थ सेंट्रल २०१३मध्ये आणि व्हीटन २०१९मध्ये शेवटच्या चारांत होते. इलिनॉय वेस्लियनही तिथे अधूनमधून हजेरी लावत होताच. एका बाजूला एकाच संघाचं साम्राज्य, दुसऱ्या बाजूला पाच संघ देशातल्या उत्तमांत. कॉन्फरन्स म्हणून यांतली कोणती सीसीआयडब्ल्यू बळकट? चषकांची यादी पहिलीकडे बोट दाखवते. जिला दर आठवड्याला वेगळ्या तगड्या प्रतिस्पर्ध्याशी भिडावं लागतं, ती दुसरी आहे, आणि कॉन्फरन्सने करायचं काम नेमकं तेवढंच असतं.

म्हणून माझं प्रतिपादन असं. कॉन्फरन्सचं यश मोजताना पहिला प्रश्न विचारा : तिचे किती वेगवेगळे संघ, किती निरनिराळ्या वर्षांत, स्पर्धेत दूरवर गेले? दुसरा प्रश्न नोव्हेंबर-डिसेंबरचा. तेव्हा संघ कॉन्फरन्सबाहेरच्यांशी खेळतात आणि तळाचे संघही खेळतात. मार्चमध्ये एका कॉन्फरन्सच्या वाट्याला चार-दोन सामने येतात; हिवाळ्याच्या तोंडाला डझनावारी. कॉन्फरन्सचा तळ किती खोल आहे हे तिथेच कळतं. २०२४-२५च्या हंगामापासून थेट प्रवेशाबाहेरच्या जागांसाठी एनसीएए एनपीआय नावाचा गणिती निर्देशांक वापरते. त्यात हंगामभराचे निकाल आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद मोजली जाते. कुठल्याही सूत्रात खोट काढता येते, पण दिशा योग्य आहे : कॉन्फरन्सच्या नावावर जुन्या पुण्याईचं व्याज मिळत नाही, यंदा काय केलं ते सांगा.

आणि तिसरी पायरी, थेट प्रवेशाची? भारी कॉन्फरन्सच्या तिसऱ्या संघावर अन्याय होतो हे मी मान्य करतो. पण औषध चुकीचं आहे. आपल्याकडच्या रणजी करंडकाचा इतिहास इथे उपयोगी पडतो. विभागवार साखळीच्या काळात विभागातून एकच संघ पुढे जायचा. पश्चिम विभागात मुंबई. १९५८-५९पासून सलग पंधरा वर्षं करंडक त्यांच्याचकडे. महाराष्ट्राचा संघ कितीही चांगला असो, मुंबईला ओलांडल्याशिवाय देशाला दिसणारच नव्हता. १९७०-७१पासून प्रत्येक विभागातून दोन संघ घेतले जाऊ लागले आणि पहिल्याच वर्षी अंतिम सामना झाला मुंबई विरुद्ध महाराष्ट्र! पश्चिमेचा दुसरा संघ देशातला दुसरा ठरला. पण हे साधलं दार रुंद करून. पूर्वेची किंवा मध्य विभागाची जागा कापून ती पश्चिमेला बहाल केली नव्हती. डिव्हिजन थ्रीत साधारण साडेसहा संघांमागे एक जागा हे प्रमाण आहे. भारी कॉन्फरन्सवाल्यांना भांडायचंच असेल तर त्यांनी या प्रमाणाशी आणि त्या ३.१८ टक्क्यांशी भांडावं. शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्या एखाद्या आडगावच्या कॉलेजने आपली कॉन्फरन्स जिंकून कमावलेल्या जागेवर डोळा ठेवू नये. वशिला किंवा लौकिक न लागता, फक्त जिंकून मिळणारी एवढी एकच जागा या व्यवस्थेत आहे. ती गेली तर त्या कॉलेजच्या फेब्रुवारीतल्या सामन्यांना अर्थ उरणार नाही, आणि ज्या कॉन्फरन्सची पुढली वाढ आज कुणाला दिसत नाही ती कायमची खुंटेल.

वायॅकवाल्यांनी तेरा हा आकडा खुशाल छातीठोकपणे सांगावा. फक्त त्याआधी चार हा आकडा सांगावा, कारण तेरा वेळा जिंकले ते संघ. त्यांतले चार वेगवेगळे निघाले ही कमाई मात्र कॉन्फरन्सची. आणि ज्यांना तेराच्या जोरावर दुसऱ्याच्या दाराला कडी घालायची आहे, त्यांनी विल्यम्सविरुद्धचे ते नऊ गुण एकदा मोजून पाहावेत.