कड्याचा अपराध

घडीच्या चाकूला खटका असला की तो हत्यार ठरतो आणि नसला की तो सभ्य माणसाच्या खिशातली निरुपद्रवी वस्तू राहतो, ही समजूत आता कोर्टकचेऱ्यांपुरती उरलेली नाही. चाकूविषयी अधिकारवाणीने बोलणाऱ्या सुशिक्षितांनीही ती निमूटपणे पत्करली आहे. मला ती मान्य नाही. ज्यांनी ती रूढ केली त्यांनी घडीच्या चाकूने कधी कैरीसुद्धा चिरलेली नसावी, असा माझा संशय आहे.

ओपिनेलचेच उदाहरण घेऊ. फ्रान्समधील साव्हॉय या डोंगराळ मुलखात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा चाकू घडवला आणि १८९७ पर्यंत त्याचे क्रमांकवार बारा आकार झाले. बीच लाकडाची गोलसर मूठ, तिच्यात पाडलेली खाच, पोलादाचे पाते, एक आस आणि ते सारे आवळून धरणारे धातूचे कडे, एवढाच त्याचा संसार. आत स्प्रिंग नाही. पाते केवळ घर्षणाने उभे राहते. अर्थात घर्षणावर भरवसा ठेवणाऱ्याची बोटे कधीतरी कापणारच. म्हणून १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने पहिल्या कड्यावर दुसरे, फिरते कडे बसवले. त्या कड्याला एक फट असते. फट खाचेसमोर असली की पाते उघडता येते, आणि उघडल्यावर कडे थोडे फिरवले की ते पात्याच्या बुडाशी आडवे येते. मग कितीही दाबले तरी पाते उलट मिटत नाही. २००० पासून तेच कडे मिटलेले पातेही जागच्या जागी धरून ठेवते. लहानग्या, दोन ते पाच क्रमांकांच्या चाकूंना मात्र हे कडे नसते.

कडे कशासाठी आहे हे ज्याला कळायचे असेल त्याने बिनखटक्याच्या चाकूने नारळाच्या करवंटीला भोक पाडून पाहावे. मी पाहिले आहे. त्या चाकूच्या पाठीला चांगली कणखर स्प्रिंग होती. पण स्प्रिंग पात्याला धरते, अडवत नाही. टोक करवंटीत रुतले, मनगट जरासे कलले आणि पाते माझ्याच तर्जनीवर मिटले. तीन टाके पडले. खटका शत्रूसाठी नसतो, तो मालकाच्या बोटांसाठी असतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता ब्रिटनचा कायदा पाहा. १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टने तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू सार्वजनिक ठिकाणी बाळगायला मुभा दिली. इथपर्यंत ठीक. पुढे हॅरिस खटल्यात न्यायालयाने ठरवले की जो नुसता दुमडून तत्काळ मिटत नाही, ज्याचा खटका आधी सोडवावा लागतो, तो घडीचा चाकूच नव्हे. आणि १९९८ मध्ये डीगन खटल्यात अपील न्यायालयानेही तेच उचलून धरले. परिणाम असा की सहा सेंटिमीटर पात्याचा पाच क्रमांकाचा ओपिनेल खिशात निर्धास्त राहू शकतो. सात सेंटिमीटरचा सहा क्रमांकाचा मात्र, तीन इंचांच्या आतच असूनही, त्या कड्यापायी सबळ कारण मागतो, आणि ते कारण सिद्ध करण्याचा भार बाळगणाऱ्यावर. आपल्या डोळ्यांसमोर दुमडणाऱ्या वस्तूला न्यायमूर्ती ‘ही घडीची नव्हे’ म्हणतात! शब्दांचे इतके हाल आमच्या नवकवींनीही केले नसतील.

यावर एक उत्तर ठरलेले आहे: भोसकताना पाते मिटू नये म्हणूनच हल्लेखोराला खटका हवा असतो. हा मुद्दा खोटा नाही. पण इंग्लंडच्या सरकारी आकडेवारीनुसार धारदार शस्त्राने झालेल्या हत्यांमध्ये सर्वाधिक वापर होतो तो स्वयंपाकघरातल्या सुरीचा. जिला खटका नाही, घडी नाही, आणि जी प्रत्येक घरात फुकट उपलब्ध आहे. ज्याला भोसकायचेच आहे तो कड्याची वाट पाहत बसत नाही. कडे नाकारल्याने वाचते कोण, आणि बोट कापते कुणाचे?

जर्मनीने २००८ मध्ये निदान प्रश्न बरा विचारला: चाकू एका हाताने उघडून अडकवता येतो काय? येत असेल तर तो कारणाशिवाय बाळगता येत नाही. ओपिनेल उघडायला दोन्ही हात लागतात. नखाने खाच धरायची, पाते ओढायचे, मग कडे फिरवायचे. या सगळ्यात जो वेळ जातो त्यात माणसाचा राग ओसरायलाही वाव मिळतो. (जर्मनीचा हा शहाणपणा पुरता टिकला नाही, २०२४ मध्ये तिथेही सार्वजनिक उत्सवांतल्या चाकूंवर सरसकट बंधने आली.)

मात्र सगळा दोष कायद्याच्या माथी मारणे बरे नव्हे. काळे पाते, अंगठ्याने झटकन उघडण्याची खुंटी आणि लष्करी थाटाची जाहिरात, असा माल ज्यांनी खपवला आणि ज्यांनी हौसेने विकत घेतला, त्यांनी चाकूची अब्रू घालवली. पेन्सिलीला टोक काढणाऱ्याने आपण जणू युद्धावर निघालो आहोत असे भासवायचे, आणि पोलिसांनी ते खरे मानले की रडायचे!

आपल्याकडचा शस्त्र नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते पाहतो, आणि घरगुती वा शेतीकामाची अवजारे वगळतो; म्हणजे वस्तू कशासाठी घडवली हे तरी विचारतो. आपला खरा न्यायाधीश हिंदी चित्रपट आहे. रामपुरीचा खटका पडद्यावर वाजला तेव्हापासून ‘चाकू’ हा शब्दच गुंड झाला. बोरूचे टोक छाटणारा तोच चाकू होता, हे आठवायलाही कुणी उरले नाही. पानाच्या डब्यातल्या अडकित्त्याकडे मात्र आजही कुणी वाकड्या नजरेने पाहत नाही.

माझ्या खिशात आठ क्रमांकाचा ओपिनेल असतो. कैऱ्या चिरून त्याचे पाते निळसर काळे पडले आहे, आणि पावसाळ्यात त्याची मूठ ओल धरून फुगते. मग पाते नखाला दाद देत नाही. साव्हॉयचे लोक अशा वेळी मुठीचे बूड टेबलावर ठोकतात. मी ओट्यावर ठोकतो. दोन-तीन ठोक्यांनी पाते जरासे वर येते, आणि तोवर शेजारच्या काकू दारात येऊन विचारतात, ‘काय हो, नारळ फोडताय का?’