नकलनविसाचा खोटा अभिमान

साहित्याच्या अभ्यासकांत एक समज दृढ आहे. स्वतःच्या हाताने पेन ड्राइव्हवर उतरवलेली प्रत तेवढी विश्वासाची; बॅकअपचे सॉफ्टवेअर म्हणजे आपल्या लेखनात परक्याचा हात. या समजाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

म्हणे, नक्कल करणारा जाणता असतो! पोथी उतरवणारा असेलही. तो अक्षर न् अक्षर वाचत होता. धारिका एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकणारा काय वाचतो? फार तर तिचे नाव. आणि अक्षर न् अक्षर वाचले जात होते तिथेही पाठ बिघडलेच. १२९० मधील ज्ञानेश्वरीच्या प्रतींत इतके अपपाठ शिरले, की १५८४ मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली.

हा इतिहास वर्गात शिकवणाऱ्यांच्याच संगणकावर 'प्रबंध-अंतिम', 'प्रबंध-अंतिम-२' आणि 'प्रबंध-खरा-अंतिम' अशा तीन संहिता नांदतात. त्यांतली प्रमाण कोणती, हे कर्त्यालाही सांगता येत नाही. आमच्या परिचयातील एका संशोधकाने महिनाभर खपून दुरुस्त केलेल्या प्रकरणावर पेन ड्राइव्हमधली जुनी प्रत उतरवली. संगणकाने विचारले होते. थकलेल्या हाताने होकार दिला. ते प्रकरण पुन्हा लिहावे लागले, आणि पहिल्यासारखे ते झाले नाही.

सॉफ्टवेअरचा गुण बुद्धीचा नव्हे, नेमाचा आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर असतानाही ते ठरल्या वेळी प्रत घेते. जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय त्यात असेल, तर कालची चूक आज ध्यानात आली तरी परवाचा पाठ हाती लागतो.

विरोधकांच्या आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच: दोन ठिकाणच्या धारिका नुसत्या जुळवून ठेवणारी सोय म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलेले ती तिथेही इमानाने पुसते. म्हणून आवृत्त्या राखणारेच सॉफ्टवेअर निवडावे आणि एक डिस्क घराबाहेर, संगणकापासून तोडलेली ठेवावी.

हाताला काम उरतेच. सत्रातून एकदा बॅकअपमधून एखादे प्रकरण परत आणावे, उघडावे आणि वाचावे. युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसल्यास, चिन्हांचा गोंधळ होऊन समोर येतो. धारिका शाबूत आणि लेखन गेलेले, हे वाचल्याखेरीज कळत नाही. नक्कल यंत्राकडे सोपवावी. पाठ तपासणे मात्र आमचे काम आहे, आणि तेच आम्ही टाळत आलो आहोत.