आधीच केलेले काम

माझ्या वर्गमित्रांनो आणि शाळा बघायला आलेल्या पालकांनो,

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे मोठी माणसे म्हणतात. माझेही मत तसेच आहे. काम दिसले की कोणी सांगायची वाट बघू नये. आधीच करून टाकावे.

आपल्या समोरच्या दर्यातली गोष्ट सांगते. १८ डिसेंबर २०२४ ला नीलकमल नावाची बोट गेटवेवरून घारापुरीला चालली होती. तिच्यात शंभरावर माणसे होती. नौदलाच्या एका स्पीड बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. तिचा ताबा सुटला आणि ती नीलकमलवर आदळली. त्यात १५ माणसे गेली. आपल्या न्हावा शेवा बंदराची पायलट बोट मदतीला धावली. तिने पुष्कळ जणांना पाण्यातून वर घेतले. त्या बोटीवरच्या माणसांचे सगळ्यांनी कौतुक केले. ते करायलाच पाहिजे.

पण वाचलेल्या लोकांनी सांगितले की, बऱ्याच जणांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हते. नंतर गेटवेच्या बोटींवर जॅकेट सक्तीचे झाले. हेच आधी झाले असते तर?

माझे बाबा होडी घेऊन मासळीला जातात. त्यांचे जॅकेट खुंटीवरच असायचे. मी रोज ते काढून जाळ्याजवळ ठेवू लागले. बाबा म्हणाले, "कनाला पायजे? आमी दर्यावरच लहानाचे मोठे झालो." मी म्हटले, "नीलकमलवरच्या लोकांना तरी कुठे ठाऊक होते?" बाबा काहीच बोलले नाहीत. आता ते जॅकेट घालून जातात. घरी आले की मीच ते वाळत घालते.

पावसाळ्यात शाळेच्या नळाजवळ शेवाळ धरते. यंदा आम्ही दोघी-तिघींनी बाईंनी सांगायच्या आधीच ते काथ्याने घासून काढले. कोणी पडले नाही, म्हणून कोणी शाबासकीही दिली नाही. आधी केलेले काम कोणाला दिसत नाही. म्हणून आपण ते करायचे सोडतो. ते बरोबर नाही.

मुलांनो, आज घरी गेलात की एक तरी काम न सांगता करा. आणि पालकांनो, तुमचे जॅकेट खुंटीवर असेल तर आजच खाली काढा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी