घरगुती महासंगणक

पुष्कळ लहानांनीं मिळून एका मोठ्याचें काम करावें, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाहीं. जाळ्यासह उडून गेलेल्या कबुतरांची कथा आपण सर्वांनीं बालपणीं ऐकिली आहे. नवल इतकेंच कीं, हल्लीं तीच युक्ति गणनयंत्रांच्या क्षेत्रांत रूढ झाली असून, स्वस्तांतले चार-आठ संगणक जोडून घरच्या घरीं छोटासा महासंगणक करितां येतो. आमच्या पाचोऱ्यांतील विद्यार्थीही त्याची गोष्ट बोलूं लागले आहेत, आणि वडील माणसें विचारितात, ‘हा खेळ कीं विद्या?’ प्रश्न पैशाचा व मुलांच्या वेळेचा असल्यामुळें त्याचा नीट विचार झाला पाहिजे.

प्रथम आपल्याच प्रांताचा इतिहास पाहूं. १९८० नंतरच्या दशकांत महासंगणक ही अमेरिकेच्या मर्जीनें मिळणारी वस्तु होती. हवामानाच्या कामापुरतें एक क्रे यंत्र कडक अटींवर दिल्लीस मिळालें. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेस हवें होतें तें मात्र मिळालें नाहीं. तेव्हां सरकारनें १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापिली व तिची धुरा डॉ. विजय भटकर यांजकडे दिली. हे अकोला जिल्ह्याचे, म्हणजे आम्हां खानदेशकरांचे शेजारीच. एकच प्रचंड गणक घडविण्याच्या भरीस न पडतां या मंडळींनीं ट्रान्स्प्यूटर नांवाच्या लहान गणकांची फौज उभी केली. शेजाऱ्यांशीं बोलण्यासाठीं अशा प्रत्येक गणकास चार वाटा मुळांतच ठेविलेल्या असत. १९९१ सालचा ‘परम ८०००’ तो हाच.

पुढें १९९४ सालीं अमेरिकेंत स्टर्लिंग व बेकर या दोघांनीं बाजारांतले साधे सोळा संगणक तारांनीं जोडून असेंच यंत्र केलें. २०१२ सालीं रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक पस्तीस डॉलरांस निघाला, आणि त्याच वर्षीं इंग्लंडांतील साउदम्प्टन विद्यापीठांत चौसष्ट पाय जोडले गेले. त्यांची मांडणी लेगोच्या ठोकळ्यांची असून ती रचण्यास प्राध्यापक कॉक्स यांचा सहा वर्षांचा मुलगा होता!

आतां या युक्तीची मर्यादा. ती आमच्या वाचकभगिनींस उन्हाळी पापडांवरून तत्काळ समजेल. पीठ कुटून तयार करण्यास एक तास लागतो व एकटीनें लाटल्यास नऊ तास, असें धरूं. नऊ जणी बसल्या तर दहा तासांचें काम दोन तासांत होईल. परंतु नव्वद जणी बसविल्या तरी एक तास सहा मिनिटें लागणारच. कारण पीठ तयार होईतों सर्वांचीं लाटणीं स्वस्थ. अम्डाल या गणकशास्त्रज्ञानें १९६७ सालीं मांडलेलें तत्त्व हेंच. वांटणीही विचारपूर्वक हवी. दहा लक्षांपर्यंतच्या मूळ संख्या शोधावयाच्या असतां चौघांस सारखे चार भाग दिले, तर मोठ्या संख्या ज्याच्या वांट्यास येतील तो मागें रेंगाळतो. म्हणून लहान लहान गठ्ठे करून, हात मोकळा होईल त्यास पुढचा द्यावा.

सामग्री थोडी लागते: चार पट्ट्या, त्यांचीं स्मृतिकार्डें, वीजपुरवठा, तारा व त्या जोडणारा स्विच. लिनक्स व निरोपांची देवघेव करणारें एमपीआय, दोन्हीं फुकट. मात्र वैशाखांत आमच्याकडे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, आणि आंतील उष्णता ऐंशी अंशांस पोंचली कीं पाय आपला वेग आपण होऊनच कमी करतो; तेव्हां पंखा हवाच. वीज अवचित गेल्यास कार्डावरील मजकूर बिघडतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

आमचें मत विचाराल तर, ज्यास केवळ वेग हवा त्यानें हा उद्योग करूं नये; एक चांगला साधा संगणक अशा चार-आठ पट्ट्यांस बहुधा मागें टाकील. परंतु कामाचे भाग कसे पाडावे, कोणी कोणासाठीं थांबावें, हें चार पट्ट्यांवर जसें शिकतां येतें तसें एका वेगवान यंत्रावर येत नाहीं. आणि पुण्याच्या महासंगणकांवर चालणारी विद्या हीच आहे. म्हणून प्रथम घरांतले दोन जुने संगणक तारेनें जोडून द्यावे. महिन्याभरांत मुलानें अथवा मुलीनें त्यांजकडून एक हिशेब वांटून करवून घेतला, तर नव्या पट्ट्यांस पैसे खुशाल द्यावे. नाहीं घेतला, तर खर्च तेवढा वांचला.