स्वानुभवाचा दाखला

लेखकाने स्वतः भोगले तेवढेच लिहावे, त्यापलीकडे पाऊल टाकू नये, हे मत आमच्या टीकाकारांत सध्या इतके रूढ झाले आहे की, त्याला मत म्हणण्याचीही सोय उरली नाही. तो आता शिरस्ता झाला आहे. कादंबरीच्या गुणदोषांची चिकित्सा मागाहून. आधी लेखकाचे गाव, जात आणि नोकरी यांची चौकशी! जणू वाङ्मय म्हणजे मामलेदार कचेरी, आणि दाखला जोडल्यावाचून अर्ज घ्यावयाचाच नाही. या शिरस्त्याने आमच्या कथावाङ्मयाचे किती नुकसान होत आहे, हे पनवेलीत बसून फार स्पष्ट दिसते.

या बाजूचे होतकरू लेखक आपली हस्तलिखिते अभिप्रायार्थ आमच्याकडे धाडतात. त्यांतील नायक बहुधा खारघर-कामोठ्याच्या एखाद्या इमारतीत राहतो, लोकलने मुंबईस जातो, वरिष्ठाचा जाच सोसतो आणि रात्री खिडकीशी उभा राहून उदास होतो. लिहिणे प्रामाणिक असते, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु त्या खिडकीबाहेर काय आहे? १९७० साली नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या बाजूस शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. 'साडेबारा टक्के' हे दोन शब्द येथे पोराच्याही तोंडी आहेत. विमानतळासाठी उलव्याची टेकडी डोळ्यांदेखत सपाट झाली. यांतले एक अक्षर त्या हस्तलिखितांत नाही! कारण विचारावे, तर उत्तर ठरलेले: तो आमचा अनुभव नव्हे. ज्या मातीवर आपले घर उभे आहे ती कोणाची होती, हे जाणून न घेण्यालाही आता प्रामाणिकपणा म्हणावयाचे काय?

स्वतःचे आयुष्य जसेच्या तसे सांगावयाचे, तर त्यासाठी आत्मचरित्र हा सरळ मार्ग आहे. प्रबोधनकार ठाकरे १८८५ साली याच पनवेलीत जन्मले आणि १९७३ साली 'माझी जीवनगाथा' नावाने त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. आपल्या आयुष्याला त्यांनी कादंबरीचे सोंग दिले नाही. उलट र. वा. दिघे यांचे पाहा. ते वकील, पनवेलीस त्यांनी वकिली केली आणि पुढे खोपोलीजवळ विहारी येथे शेती धरली. त्यांची 'पाणकळा' १९४०च्या सुमारास बाहेर पडली, तेव्हा तिच्या मागे वकिलीची वर्षे होती, नांगराची नव्हेत. आजच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांनी एका वकिलाच्या मनाची घालमेल लिहावयास हवी होती! त्यांनी लिहिली शेतकऱ्याची कादंबरी. आम्हांस वाटते, कोर्टात जमिनीच्या एका तुकड्यासाठी माणूस काय काय करतो हे रोज पाहणाऱ्यास शेत अगदीच परके राहत नसावे.

याहून बोलके उदाहरण विभावरी शिरूरकरांचे. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली निघाले आणि शिकलेल्या अविवाहित मुलींची कोंडी वाचून महाराष्ट्र खवळला. ही बाई कोण, याचाच शोध अधिक. कथांचा विचार थोडका. हे टोपणनाव बाळूताई खरे यांचे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकरांचे. तो अनुभव त्यांच्या वर्गाचा, त्यांच्या अगदी जवळचा. त्याच शिदोरीवर त्यांना जन्मभर निभावता आले असते. खप होता, खळबळ होती. पण त्या दशकाच्या अखेरीस त्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये नोकरीस गेल्या. १८७१च्या कायद्याने ज्यांच्या कपाळी जन्मतः 'गुन्हेगार' असा शिक्का मारला, त्या जमातींना तेथे तारेच्या कुंपणात ठेवीत असत. त्यावरची 'बळी' आली १९५० साली. पाहणे आणि लिहिणे यांत सुमारे दहा वर्षे गेली. ही दहा वर्षे आमचे लेखक कोठे देतात? विभावरीबाई त्या जमातीत जन्मल्या नव्हत्या; त्या तर कुंपणाच्या किल्ल्या ज्यांच्या हाती त्या सरकारच्या नोकर. तरीही त्यांना ते कुंपण दिसले, याचे कारण आमच्या मते पहिल्या पुस्तकात आहे. पांढरपेशा घरातील मुलीभोवतीचे न दिसणारे कुंपण त्यांनी आधी चाचपले होते. स्वानुभवाचा कादंबरीकारास उपयोग होतो तो असा. त्याने दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची खूण मिळते. ते दुःख मात्र पुन्हा जाऊन, बसून, विचारूनच कळते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पांढरपेशांनी परक्यांची आयुष्ये लिहून फार खोटे लिहिले. त्यांच्या कादंबऱ्यांतील खेडे म्हणजे नाटकातला रंगवलेला पडदा. 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा तो पडदा फाटला. हे आम्हांस मान्य आहे. मात्र त्या लेखकांचा अपराध परकेपणाचा नसून आळसाचा होता. खेड्यात एक सुटी घालवून ते परत आले आणि उरलेली जागा त्यांनी दयेने भरली. दया ही कथालेखकास फार स्वस्त पडते. आणि अण्णा भाऊ साठे यांचे काय? १९५९ची 'फकिरा' त्यांच्या आधीच्या पिढीची कथा. ती त्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून घेतली. ते रक्ताने जवळचे होते हे खरे, पण पाहिलेले नव्हते ते नव्हतेच. कानांनी आणि कल्पनेने त्यांना ते पुरे करावे लागले.

१९८४ साली जे पंचविशीत होते ते आता सत्तरीकडे झुकले आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळजण याच तालुक्यात आहेत, बोलावयास राजी आहेत, कागदांची पुडकी बाळगून आहेत. पाटबंधाऱ्याचे, मोबदल्याचे, वारसांच्या भांडणांचे सारे तपशील त्यांना तारीखवार पाठ असतात. वकील त्यांच्याकडे जातात, दलाल जातात, निवडणुकीच्या हंगामात पुढारी जातात. वही घेऊन कादंबरीकार गेलेला मात्र आमच्या पाहण्यात नाही.