खरकट्यातून हायड्रोजन निघेल, पण इस्राफ माफ होणार नाही

उरलेल्या अन्नापासून गाड्या चालतील, अशा बातम्या हल्ली मोबाईलवर फिरत असतात. सूक्ष्मजीव खरकटं आंबवतात, त्यातून हायड्रोजन निघतो आणि हायड्रोजन जळला की धुराऐवजी पाण्याची वाफ होते. यात खोटं काही नाही. पण या बातमीवरून 'मग उरलं तर बिघडलं कुठे?' असा अर्थ कुणी काढू लागलं, तर तिथे थांबवलं पाहिजे.

आधी हे होतं कसं ते पाहू. बंद टाकीत, हवा नसताना, क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू भात-पोळीतला पिष्टमय भाग खातात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व आंबट आम्लं बाहेर टाकतात. अडचण अशी, की त्याच टाकीत मिथेन बनवणारे दुसरे जीव असतात आणि ते तयार झालेला हायड्रोजन फस्त करतात. म्हणून विरजणासाठी घेतलेला गाळ आधी तापवतात. मिथेनवाले जीव मरतात; क्लॉस्ट्रिडियम मात्र कवचबंद बीजाणूंच्या रूपात टिकतात. शिवाय टाकी थोडी आंबटच ठेवावी लागते.

आता हिशेब. ग्लुकोजच्या एका रेणूपासून या मार्गाने हायड्रोजनचे जास्तीत जास्त चार रेणू मिळतात. म्हणजे एक किलो ग्लुकोजमागे फार तर 44 ग्रॅम. प्रत्यक्षात याहून बरंच कमी हाती येतं. शंभर किलो उरलेला भात घेतला तर त्यात साधारण 70 किलो पाणीच असतं; बाकीच्यातून अगदी आदर्श स्थितीतही दीड किलोच्या आत हायड्रोजन निघेल. ग्लुकोजमधली जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा हायड्रोजनमध्ये येते, उरलेली आम्लांत अडकून राहते. तेच ग्लुकोज पूर्णपणे मिथेनमध्ये बदललं, तर कागदावर अडीच पट ऊर्जा मिळते.

म्हणूनच पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटी या कंपनीबरोबर पिकांच्या अवशेषांसाठी जी पद्धत विकसित केली, ती दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टाकीत हायड्रोजन, आणि उरलेल्या आंबट पाण्यातून दुसऱ्या टाकीत मिथेन. खास निवडलेल्या जिवाणूंचा समूह हे काम करतो. आपल्याच राज्यात हे संशोधन झालं, याचा मला अभिमान वाटतो. केंद्र सरकारनेही जानेवारी 2023 मध्ये हरित हायड्रोजनसाठी 19,744 कोटी रुपयांचं अभियान मंजूर केलं आहे. पण हायड्रोजन शुद्ध करायला, दाबून भरायला, साठवायला जी यंत्रणा लागते, ती माहूरसारख्या गावात उद्या उभी राहणार नाही.

दुसरा टप्पा मात्र आपल्याला आजही जमण्यासारखा आहे. तो म्हणजे गोबर गॅसच, फक्त शेणाऐवजी खरकट्यावर चालणारा. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी असा घरगुती संच विकसित केला आणि 2006 मध्ये त्याला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार साधा होता: शेण म्हणजे गाईने आधीच पचवून सत्त्व काढून घेतलेलं अन्न. पिष्टमय खरकट्यात ते सत्त्व शिल्लक असतं, म्हणून किलोमागे गॅस कितीतरी जास्त मिळतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'निसर्गऋण' प्रकल्पही अशाच ओल्या कचऱ्यावर चालतो.

माहूरला अन्नाचा तुटवडा नाही. रेणुकामातेचं नवरात्र, दत्तशिखरावरची दत्तजयंती, दर्ग्यांचे उरूस, शिवाय लग्नसराईतले वलीमे आणि पंगती. अशा प्रत्येक ठिकाणी उरलेला बगारा खाना, दालचा, भात-वरण पत्रावळी, प्लास्टिकचे पेले आणि पाण्याच्या बाटल्यांसोबत एकाच ढिगात गेलं, की ते पुढे कुठल्याच टाकीच्या कामाचं राहत नाही. ओला आणि सुका कचरा जागेवरच वेगळा करा, असं 2016 च्या नियमांनी सांगितलं होतं. हायड्रोजन असो की गोबर गॅस, दोन्हींची सुरुवात प्रयोगशाळेत नव्हे, या वेगळ्या ठेवलेल्या पिंपापाशी होते.

इथे एक नाजूक प्रश्न येतो. न्याजचं अन्न किंवा देवीचा प्रसाद आंबवायच्या टाकीत टाकणं ही बेअदबी नाही का? हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण तेच अन्न नालीत सडतं, प्लास्टिकसकट जनावरांच्या पोटात जातं, तेव्हा त्याचा कोणता अदब राखला जातो? टाकीत गेलेल्या अन्नापासून चुलीला गॅस मिळेल आणि उरलेली मळी शेतात खत म्हणून जाईल. जे अन्न माणसाच्या तोंडी लागणं आता शक्यच नाही, त्याचा यापेक्षा चांगला शेवट मला दिसत नाही.

मात्र हा शेवटचा मार्ग आहे, पहिला नाही. आपल्या दीनने इस्राफ, म्हणजे उधळमाधळ, स्पष्ट शब्दांत नापसंत ठरवली आहे. ताटात वाढलेलं संपवणं ही प्यारे नबींची (स.) शिकवण आहे. अन्नाला पूर्णब्रह्म मानणारे आपले शेजारीही वेगळं सांगत नाहीत. तरी संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगाने 105 कोटी टन अन्न वाया घालवलं. त्यातलं 60 टक्के घराघरांतलं होतं. तांदूळ पिकवायला लागलेलं पाणी, खत, शेतकऱ्याचा घाम आणि शिजवायला जाळलेला गॅस यांच्यापुढे पिंपातून परत मिळणारं इंधन म्हणजे रुपया टाकून सुटे पैसे उचलण्यासारखं आहे.

म्हणून क्रम ठरलेला असावा. आधी मोजून शिजवावं. उरलेलं चांगलं अन्न त्याच रात्री, ताजं असतानाच भुकेल्याच्या घरी पोहोचवावं. मग जनावरांचा हक्क, आणि त्यानंतरच जिवाणूंचा. मशिदीच्या कमिट्या, मंदिराचे विश्वस्त, मंगल कार्यालयांचे मालक आणि नगरपंचायत यांनी एकत्र बसून एक सामायिक गॅस संच उभारला, तर या कामात कुणाचा धर्म आड येणार नाही. येत्या लग्नसराईत निदान दोन पिंपं वेगळी ठेवा आणि रात्री ओलं पिंप किती भरलं ते पाहा. ते दरवर्षी रिकामं होत गेलं, तर एखाद्या टाकीला खाद्य कमी पडेल. पडू द्या.